आईचा पाटा आणि हिरवा कण



श्रावणात भावाचा वाईहून फोन आला. जुनं घर पाडायचं ठरलंय. "ताई, आईच्या पाट्याचं काय करू? इथे कुणाला नकोय. गवंडी म्हणतो, पायात घालू." विमानातून पाटा मॉरिशसला आणणं काही शक्य नाही. मी म्हटलं, "आठवडाभर थांब."

त्या संध्याकाळी शेजारच्या मावशींकडे गेले. त्यांचे पणजोबा कोकणातून इथे आलेले. परसात त्यांची 'रोस कारी' आहे. आपला पाटा-वरवंटाच तो, नाव तेवढं क्रेओल. त्या काळ्या बेसॉल्टमध्ये कलत्या उन्हात एक हिरवट कण चमकला. ऑलिव्हिन! भूगोलाच्या बाईंना आणखी काय हवं?

आपल्या पायाखाली भूकवच आणि त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातलं, जेमतेम १२ किलोमीटरचं. तिथवर पोचायचं नाही म्हणून शितावरून भाताची परीक्षा करायची, आणि ते शीत म्हणजे बेसॉल्ट. प्रावरणाचा वरचा भाग बहुतांश ऑलिव्हिनचाच आहे. तो घन असतो, पण तापलेला खडक वर सरकला की दाब कमी होतो आणि त्यातला थोडाच भाग वितळतो. तोच रस वर येऊन थिजला की बेसॉल्ट.

वर येताना रसात पुन्हा ऑलिव्हिनचे स्फटिक धरतात. त्यांत मॅग्नेशियम जितकं जास्त, तितका तो रस तापलेला. स्फटिकांच्या पोटात रसाचे इवलेसे थेंब आणि वायूही अडकतात. शेजारच्या रियुनियन बेटावरच्या ऑलिव्हिनमध्ये हेलियम-३ चं प्रमाण समुद्रतळाच्या नेहमीच्या बेसॉल्टपेक्षा जास्त सापडतं. हा हेलियम पृथ्वी घडली तेव्हापासूनचा. म्हणजे हा रस प्रावरणाच्या अशा भागातून आला, जिथला जुना वायू अजून पुरता निसटलेला नाही.

आता गंमत ऐका. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते, आज रियुनियनचा ज्वालामुखी ज्या तप्त स्रोतावर पेटतो, त्याच स्रोतावर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली भूमी होती. तेव्हा दख्खनचे थर साचले. मग भारत उत्तरेला सरकत गेला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही त्याच वाटेवरची पावलं. मॉरिशस तर कालचं पोर, जेमतेम ९० लाख वर्षांचं.

आईच्या पाट्यात मात्र हिरवा कण कधी दिसला नाही. दख्खनच्या रसातलं बरंचसं ऑलिव्हिन खाली वाटेतच गळून पडलं, आणि कित्येक थरांत कवचाचा खडकही मिसळला. महाबळेश्वरजवळच्या अंबेनळी घाटाचं नाव मिळालेले थर त्या भेसळीपासून बरेच दूर राहिले, म्हणून प्रावरणाबद्दल विचारायचं तर आधी त्यांना.

मावशींना हे सगळं सांगितलं. त्यांनी हळद लागलेला हात दगडावर ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझी आई नि माझी आजी एकाच चुलीच्या दगडावर वाटत होत्या."

रात्री भावाला फोन केला. "पायात नको घालू. नव्या घराच्या उंबऱ्याबाहेर बसव. आई टाकी लावून घ्यायची ती बाजू वर ठेव."

तुमच्या उंबऱ्यावर पणती लावाल, तेव्हा खालच्या दगडाकडेही एकदा बघा. शुभ दीपावली!