आधी टक्का आण!

दोस्तहो, 'समावेशक शिक्षण' हा शब्द मंत्रालयात फार गुळगुळीत वाजतो. तो खिशात घालून आंबेगावात आहुप्याच्या वाटेला लागा, नाहीतर जुन्नरच्या पश्चिमेला घाटघर-अंजनावळ्याच्या वाड्यांवर जा. महादेव कोळ्याच्या, ठाकराच्या, बौद्धवाड्यातल्या बाईला विचारा, तुझ्या न बोलणाऱ्या पोराला शाळेत शिकवतंय कोण? ती म्हणेल, आधी दाखला आणा म्हणाले.

जातीचा दाखला झाला, उत्पन्नाचा झाला, आता पोराच्या कानाचा, मेंदूचा. चाळीस टक्के भरलं तर पोर सरकारच्या हिशेबात. एकोणचाळीस भरलं तर आईचं नशीब! आम्ही गोदीत पेट्यांवरचं वजन वाचतो, पण पोराच्या कपाळावर वजन लिहिणारे हेच पहिले. आणि ते वजन करायचं कुठं? औंधच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर तालुक्याला शिबिर कधी लागतंय त्याची वाट बघत बसायचं. मजुरीचा खाडा, एसटीचं भाडं, ते कुठल्या कलमात बसतं?

माझ्या बहिणीच्या पोराला कमी ऐकू येतं. गुरुजींनी त्याला शेवटच्या बाकावर टाकलं. बाकीच्यांचा अभ्यास बिघडतो म्हणे. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत तरटावर वेगळं बसवलं होतं. तरट गेलं, बाक आला, बसवणारा हात तोच.

आता कायदा ऐका, साहेब लोक सांगणार नाहीत. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. चाळीस टक्क्यांची अट कलम 31 ला आहे: सहा ते अठरा वर्षं फुकट शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. पण कलम 16 मध्ये टक्का नाही. सरकारी-अनुदानित शाळेनं दिव्यांग पोराला घ्यायचं आणि त्याला लागेल ती सोय करायची, बस्स. कलम 17 तर म्हणतं, अशी पोरं हुडकायला दर पाच वर्षांनी शाळेतल्या पोरांची पाहणी करा. म्हणजे आईनं पोर काखेत मारून पळायचं नाही, सरकारनं वाडी चढायची.

विशेष शिक्षक? वर्षानुवर्षं कंत्राटावर पिळले. 2022 ला दिल्लीनं प्रमाण ठरवलं, प्राथमिकला अशा दहा पोरांमागं एक शिक्षक. महाराष्ट्रानं 2024 ला 4860 पदं मंजूर केली, म्हणजे एका केंद्राला एक. केंद्रात दहाएक शाळा धरा, आठवड्याचे दिवस सहा. करा भागाकार! आणि त्यातही घाटातला पाऊस धरलेला नाही.

याच जुन्नर तालुक्यात ओतूरला सत्यशोधकांनी भटाला वगळून लग्नं लावली, तेव्हा भट दक्षिणेसाठी कोर्टात गेले. तो दलाल हाकलला, आता पोर आणि फळा यांच्यामध्ये हा दाखल्याचा दलाल उभा आहे.

घोडेगाव आणि जुन्नरच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं लेखी अर्ज टाका. कलम 16 ठळक लिहा. पोच घेतल्याशिवाय हलू नका. पोच देत नसेल तर दहाजण जाऊन दारात बसा. पोरांनाही न्या, बघू दे त्यांचे चेहरे. पुढच्या सुट्टीला मी आहुप्याला चाललोय. कोण येतंय?