शेण कोणी खाल्ले?

रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ हा चित्रपट जानेवारी २०१३ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा त्याच्या नावावरूनच निम्मे घर हसले आणि निम्मे अवघडले. नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘बी. पी.’ होते, आणि हे बी. पी. म्हणजे रक्तदाब नव्हे, हे ज्या पिढीने व्हिडिओ कॅसेटी भाड्याने आणल्या तिला सांगावे लागत नाही. या गोष्टीला दशकाहून अधिक काळ लोटला. तरीही हा चित्रपट मुलांनी पाहावा की न पाहावा, हा प्रश्न मराठी घरांत अजून विचारला जातो. खानापूरसारख्या सीमेवरच्या तालुक्यात तर त्याला आणखी एक धार असते. मराठी चित्रपट आला की तो आपला, त्याच्याविषयी वावगे बोलणे म्हणजे आपल्याच माणसांत फूट पाडणे, अशी तेथील भावना आहे. ती भावना आम्ही जाणतो. परंतु भाषेचे प्रेम हे काही रसिकतेला सुट्टी देण्याचे कारण होऊ शकत नाही.

चित्रपटाची कथा थोडक्यात अशी : १९८० च्या दशकातील मुंबईची एक चाळ. तेथील नेहाताई एकाएकी चाळ सोडून जाते. मोठी माणसे कुजबुजतात की, तिने ‘शेण खाल्ले’. शेण खाणे म्हणजे नेमके काय, हे विचारणाऱ्या मुलांना उत्तराऐवजी धपाटे मिळतात. मग ती मुले विशू नावाच्या वयाने थोड्या मोठ्या, वाया गेलेल्या समजल्या जाणाऱ्या मुलाला गुरू करतात, आणि गुरुजींचा अभ्यासक्रम पुस्तकापासून सुरू होऊन कॅसेटपर्यंत जातो. पुढे मुलांची नजर बदलते, खेळ मोडतात, मैत्रीत अवघडलेपण शिरते. प्रथमेश परब याने विशू असा काही उभा केला आहे की त्याचा राग येत नाही. किशोर कदम यांचे कदमकाका हे तर प्रत्येक चाळीत एक तरी असावेत असे वाटणारे गृहस्थ आहेत.

या चित्रपटाचे खरे श्रेय त्या एका शब्दात आहे. मोठ्यांकडे ‘शेण’ आहे, पोरांकडे ‘बी. पी.’ आहे; या दोहोंच्या मध्ये शब्दच नाही. एकीकडे पाठ्यपुस्तकातली संस्कृत नावे, दुसरीकडे शिव्या. खानापूरचा दहावीतला मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात कानडी बोलतो, शाळेत इंग्रजी शिकतो, आणि चोर्ल्याच्या बाजूचा असला तर कोंकणीही समजतो. चार भाषांचा हा धनी स्वतःच्या शरीराविषयी मात्र मुका असतो. विज्ञानाच्या पुस्तकातले प्रजननाचे प्रकरण ‘घरी वाचा’ म्हणून पुढे ढकलण्याची प्रथा जुनी आहे, आणि घरी ते कोणी वाचून दाखवत नाही. हे मुकेपण हसतखेळत उघडे करणारा चित्रपट अश्लील ठरवायचा असेल, तर त्या मुकेपणाला काय म्हणायचे?

आणि अश्लीलतेविषयी आपण किती सोवळे आहोत, तेही एकदा पाहून घ्यावे. शिमग्यात आपल्या किनाऱ्यावर काय बोंबलले जाते, ते सर्वांना ठाऊक आहे. दशावतारातला संकासुर, तमाशाच्या गवळणीतली मावशी यांच्या थट्टेला आयाबहिणींसह सारा गाव हसत आला. दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी संवादांवर सेन्सॉरने कात्री परजली आणि प्रेक्षकांनी चित्रपटगृहे भरून टाकली. तेव्हा हा चावटपणा परदेशातून आला असे कोणी आम्हांस सांगू नये. चावटपणा चालतो, प्रश्न विचारलेला चालत नाही, एवढेच आमचे सोवळे. मुरूडच्या कर्वे घराण्यातील र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून हेच विषय सभ्य, सरळ मराठीत मांडले. त्यांना बक्षीस मिळाले ते खटल्यांचे. १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात डॉ. आंबेडकरांनी मांडली, हे आज किती शिक्षकांना माहीत असेल?

आता दोष. पहिला दोष विनोदाच्या वाटणीचा आहे. विशूच्या वाट्याला जितक्या टाळ्या आल्या, तितके शब्द नेहाताईच्या वाट्याला आले नाहीत. कुतूहल मुलांचे, गंमत मुलांची, आणि शेण मात्र मुलीचे, हा चाळीचा न्याय दिग्दर्शकाने दाखवला खरा; पण प्रेक्षक हसता हसता त्याच न्यायात सामील होतो, आणि त्याला तेथे कोणी थांबवत नाही. दुसरा दोष कदमकाकांचा. गृहस्थ भले आहेत, बोलतात ते खरे आहे, पण इतक्या गुंत्याची गाठ एका प्रवचनात सुटते असे मानणे म्हणजे नाट्यशिक्षकाची सोय झाली.

तिसरी गोष्ट दोष म्हणता येणार नाही; ती काळाची आहे. चित्रपटातल्या मुलांना पैसे जमवावे लागतात, रिकामे घर शोधावे लागते, चारचौघांनी मिळून पाहावे लागते. मिळून पाहिल्यामुळे मिळून घाबरावे लागते, आणि कधी ना कधी कोणा मोठ्याच्या हाती सापडावे लागते. त्या सापडण्यातच त्यांची सुटका होती. २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले. कणकुंबी-जांबोटीच्या रानातल्या वाडीवरचा मुलगाही जे पाहायचे ते एकटाच, पांघरुणाखाली पाहतो. त्याला कोणी पकडत नाही, म्हणून त्याच्याशी कोणी बोलतही नाही.

‘बालक-पालक’च्या यशानंतर मराठीत या वाटेने बरेच जण गेले. जाधवांचाच ‘टाइमपास’ २०१४ साली आला; तो निदान प्रेमकथा होता. वसतिगृहातल्या मुलांचा ‘बॉईज’ २०१७ मध्ये आला आणि २०२३ पर्यंत त्याचे चार भाग झाले. ‘टाकाटक’ २०१९ चा. या मंडळींनी विशूला उचलले आणि कदमकाकांना चाळीतच ठेवले. पहिल्या ‘बॉईज’मध्ये सनी लिओनी यांना नाचवून विद्यार्थिजीवनाचे कोणते अंग उजळले, ते आम्हांस अद्याप उमगलेले नाही. शाळेतल्या वयाची कोवळीक अंगचटीला न जाताही दाखवता येते, हे मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेल्या ‘शाळा’ने २०१२ मध्येच दाखवले होते. तो पाहणारे त्या मानाने थोडे निघाले.

चित्रपटावर एवढे लिहिण्याचे कारण असे की, खानापूरच्या मुलाला दुसरा शिक्षक ठेवलेलाच नाही. हा तालुका १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ मध्ये खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला द्यावे असे सुचवले. महाराष्ट्राला तो अहवाल मान्य झाला नाही, आणि २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या दोन राज्यांचे एकमत म्हणून कशावर होत नाही. पण २००७ साली केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत नको, यावर मुंबई आणि बंगळूर यांचे विनासायास एकमत झाले! संस्कृतीरक्षणासाठी सीमा पुसली गेली, असा हा दुर्मीळ योग.

त्याची किंमत पोरे देतात. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीची संमती ही संमतीच नव्हे असे ठरवले. ते ठाऊक नसलेला कॉलेजातला मुलगा प्रेमाच्या नावाखाली तुरुंगात जातो. मुलीचे नाव नुसते कोणाबरोबर घेतले गेले तरी तिची शाळा सुटते आणि स्थळे पाहणे सुरू होते. मराठी शाळांचे पट राखण्यासाठी सीमाभागात जी धडपड चालते, तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे. पण त्या पटावरून अशा रीतीने गळणारे मुलीचे नाव कोणत्या चळवळीच्या हिशेबात धरले जाते?

म्हणून आमची सूचना साधी आहे. खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमिक शाळांनी नववी-दहावीच्या मुलामुलींना हा चित्रपट पालकांसमवेत दाखवावा. सरकारी आदेशाची वाट पाहू नये. तो यायचा नाही. चित्रपट संपल्यावर दिवे लागताच पाहुण्यांचे भाषण ठेवू नये. तालुक्यातल्या एखाद्या डॉक्टरबाईंना बोलवावे, मुलांना कागदाच्या चिठ्ठ्या वाटाव्यात आणि जे विचारायचे ते घरच्या मराठीत लिहू द्यावे, अगदी ‘शेण’ हा शब्द वापरूनही. बाईंनी प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचून उत्तर द्यावे. पालकांनी तोवर खुर्ची सोडू नये. चिठ्ठ्यांवर नावे नसावीत, आणि अक्षर कोणाचे ते ओळखण्याचा उद्योग मुख्याध्यापकांनी करू नये.