लगोरीचे सात दगड
‘गेम डिझाइनमध्ये मास्टर्स करायचंय,’ असं पोरानं म्हटलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला : आता खेळण्याचीही पदवी? हो, राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू संकुलात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यात शिकायचं काय? आपली लगोरीच घ्या. दगड पाडणं सोपं. चेंडूचा मार चुकवत ते पुन्हा रचण्यात खरी गंमत. पण दगड सातच का? वीस ठेवले तर डाव रेंगाळेल, दोन ठेवले तर लगेच संपेल. नियम बदलायचा, दुसऱ्यांना खेळायला द्यायचं, ते कुठे कंटाळतात ते बघायचं, पुन्हा नियम बदलायचा : अभ्यास तो हाच. तासन्‌तास खेळणाऱ्याला तो जमेलच असं नाही. खेळता खेळता नवा नियम काढणाऱ्याला मात्र अडवू नका.