शेजारच्या बांधावरचा प्रश्न



२ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस आपल्या खेड्यांत कसा पाळला जातो, हे आपणांस सांगावयास नको. आदल्या दिवशी तरुण मंडळी दफनभूमीतील गवत कापतात, आयाबाया क्रूसांना चुना लावतात, आणि दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी मेणबत्ती लावून उभे राहते. गेल्या वर्षी हा विधी उरकून आम्ही परत फिरलो, तेव्हा फाटकाबाहेर एक वृद्ध गृहस्थ उभे असलेले दिसले. गळ्यात तुळशीची माळ, हातात काठी, डोक्यावर पांढरी टोपी. शेजारच्या वाडीतील हे शेतकरी आमच्या ओळखीचे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आपल्यातील एक म्हातारे गृहस्थ निवर्तले, त्यांच्या शेताला यांचे शेत लागून. दोघांनी चाळीस वर्षे एकमेकांच्या बैलांवर पैऱ्याने शेती केलेली.

“फादर, एक इचारू काय?” ते म्हणाले. “आमचा गडी आता कुठं हाय? तुम्ही लोक म्हंता, मेलेला मानूस परत उठनार. त्येच्या पोरांस्नी तीनदा इचारलं. ती म्हंत्यात, फादरना इचारा.”

आम्ही त्यांना फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसविले, आणि जे आपण सारे दर रविवारी श्रद्धांगीकारात मोठ्याने म्हणतो, तेच साध्या बोलीत सांगितले. प्रभू येशू मरण पावला, तिसऱ्या दिवशी उठला. त्याच्यावर भिस्त ठेवून जे जातात, त्यांना मरण आपल्याकडे कायमचे ठेवून घेऊ शकत नाही. तुमचा मित्र देवाच्या हाती आहे. त्याच्या मनाचा काही मळ राहिला असेल तर तो धुऊन निघावा म्हणून आम्ही प्रार्थना करतो. आणि अखेरच्या दिवशी देव त्याला देहासह उठवील, असा आमचा भरवसा आहे. आबांनी हे सर्व शांतपणे ऐकले. मग कबरीकडे पाहत म्हणाले, “चाळीस वर्सं एका बांधावर भाकरी खाल्ली. येवढी मोठी गोष्ट, पन त्यानं कदी सांगितली न्हाई.”

या बोलण्यात तक्रार नव्हती, नवल होते. पण आमच्या काळजात ते रुतून बसले ते आजतागायत.

मृत गृहस्थांस आम्ही चांगले ओळखत होतो. रविवारची मिस्सा त्यांनी क्वचितच चुकविली असेल. रोज संध्याकाळी त्यांच्या घरी रोझरी होत असे, आणि शेजाऱ्याच्या म्हशीला वैरण नसली तर न मागता भारा टाकून येणारा तो माणूस होता. त्यांनी शेजाऱ्यापासून काहीही लपवून ठेवले नाही. फक्त एकच गोष्ट, जी त्यांच्यापाशी सर्वांत मोलाची होती, तीच बोलावयाची राहून गेली. त्यांना दोष देण्यास आमची जीभ उचलत नाही, कारण आमचीही गोष्ट निराळी नाही. काही वर्षांपूर्वी बेळगावहून खानापूरला येताना एसटीत शेजारी बसलेल्या एका शिक्षकांनी आम्हांस विचारले, “तुम्ही लग्न न करता राहता, ते नेमके कशासाठी?” दिवसभराच्या कामाने आम्ही थकलो होतो. “कधी चर्चला या, निवांत बोलू,” असे म्हणून आम्ही डोळे मिटले. ते पुढच्या थांब्यावर उतरून गेले. चर्चला ते कधी आले नाहीत. का यावे त्यांनी? आम्ही त्यांना उत्तर दिले नव्हते, पत्ता दिला होता.

“फादरना विचारा” हे वाक्य आपल्याकडे नम्रतेचे समजले जाते. आमच्या मते त्यात नम्रता थोडी आणि सुटका अधिक. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली ख्रिस्तसभेला लिहिलेल्या एका पत्रात या प्रश्नाचा मोठा सूक्ष्म विचार केला आहे. ख्रिस्ती माणसाचे शांत, सालस जीवन ही पहिली साक्ष होय, असे ते म्हणतात. असे जीवन पाहून लोकांच्या मनात प्रश्न उठतात. परंतु तेवढ्यावर ते थांबत नाहीत. प्रश्न उठल्यावर त्याचा उलगडा कोणी केला नाही, येशूचे नाव कोणी घेतले नाही, तर उत्तमातील उत्तम साक्षही शेवटी अपुरी पडते, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्या मृत बांधवाने पहिला अर्धा भाग चाळीस वर्षे इमानाने पार पाडला. दुसऱ्या अर्ध्यासाठी आबांना दफनभूमीच्या फाटकावर थांबावे लागले.

येथे कोणी म्हणेल, फादर, दिवस कसे आले आहेत ते आपण जाणता. धर्माची गोष्ट काढली की लोक संशयाने पाहतात. ही भीती पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या मर्यादेत सर्वांना दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली या कलमाचा अर्थ लावताना म्हटले की, आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्यास समजावून सांगणे हा प्रसार होय. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. हा कायदा झाला. ख्रिस्तसभेची स्वतःची शिस्तही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात सक्ती किंवा अनुचित आग्रह यांचा वास येईल असे कोणतेही वर्तन, विशेषतः गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत, वर्ज्य ठरविले आहे. म्हणजे औषधाची पुडी, शाळेतील जागा वा कर्जाचे पैसे पुढे करून श्रद्धेची गोष्ट काढणे हे आपल्याच धर्मानुसार पाप आहे. भुकेल्याला भाकरी द्यावी ती तो भुकेला आहे म्हणून. तिच्यात गळ लपवू नये.

पण मित्राने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे, हे या दोहोंपैकी कोठे अडते?

आणखी एक शब्द आमच्या घशाशी अडखळतो. जुन्या पुस्तकांतून अशा शेजाऱ्यांना सरसकट ‘अविश्वासी’ म्हणण्याचा परिपाठ होता. जो आषाढीला पायी पंढरपूरची वाट धरतो, त्याला विश्वास नाही असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? त्याने ख्रिस्ताला ओळखलेले नाही, एवढेच आपण म्हणू शकतो. आणि ओळख करून देण्याचे काम ज्यांच्याकडे होते, ते आपणच.

आता आपल्या देशातील एका थोर उदाहरणाकडे वळू. १० ऑगस्ट १७४१ रोजी त्रावणकोरच्या मार्तंड वर्मा महाराजांनी कुळचल येथे डच कंपनीच्या सैन्याचा पराभव केला. त्या लढाईनंतर युस्टाशियस डी लॅनॉय नावाचा कंपनीचा एक अधिकारी महाराजांच्या कैदेत आला. महाराजांनी त्याची योग्यता ओळखून त्याला आपल्या फौजेस कवायत शिकविण्याच्या कामावर नेमले. त्याच दरबारी नीलकंठ पिल्लै नावाचे एक हिंदू अधिकारी होते. कामानिमित्त दोघांचा परिचय झाला, परिचयाची मैत्री झाली. पुढे नीलकंठांच्या घरावर संकटांची रांग लागली; गुरे गेली, पिके बुडाली, मन खचले. मित्राचा उतरलेला चेहरा पाहून डी लॅनॉयने विचारपूस केली आणि त्याला ईयोबाची कथा सांगितली. ज्याचे गोधन, संपत्ती, लेकरे सर्व गेले, जो देवाशी भांडला, पण ज्याने देवाला सोडले नाही, असा तो ईयोब.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. डी लॅनॉय हा धर्मगुरू नव्हता, शिपाई होता. परका होता, कैदी होता. त्याने व्यासपीठ उभारले नाही, मित्राच्या देवतांची निंदा केली नाही. मित्राच्या गोठ्यातील गुरे मेली होती, म्हणून ज्याची गुरे मेली त्याचीच गोष्ट त्याने निवडली. शुभवर्तमान सांगण्याची याहून शहाणी रीत आम्हांस सेमिनरीतील इतक्या वर्षांत कोणी शिकविली नाही.

१४ मे १७४५ रोजी वडक्कनकुळम येथे नीलकंठांनी स्नानसंस्कार घेतला. लाजरस या नावाचे तमिळ रूप देवसहायम्, ते त्यांनी धारण केले. त्यांच्या पत्नीनेही पुढे स्नानसंस्कार घेतला. मग कैद, छळ, आणि १४ जानेवारी १७५२ रोजी गोळ्या घालून मृत्यू. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. भारतातील प्रापंचिक माणसांमधून संतपदास पोचलेले ते पहिलेच. त्यांच्या मित्राची कबर उदयगिरीच्या किल्ल्यात आहे. तो संत नव्हे. पण त्याने त्या दिवशी “पाद्रींना विचार” असे म्हटले असते तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

आपल्या मराठी मुलखातील उदाहरण तर याहूनही लहान प्रसंगाचे आहे. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बसावयास जागा करून दिली. बोलणे काव्यावरून निघाले, धर्मावर आले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराचे पुस्तक ठेवले. टिळकांनी ते वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनाशी ते खिळून राहिले. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गृहस्थ कोण होता, याचा पत्ता टिळकांना पुढे कधीही लागला नाही. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे, मग या पानावर त्यांचे नाव कशाला, असे पत्र एखादे वाचक पाठवितील. त्यांनी खुशाल पाठवावे. आम्हांस मात्र एसटीत मिटलेले आमचे डोळे आठवतात, आणि त्या अनामिक प्रवाशाचा हेवा वाटतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली लिहिलेल्या ‘शुभवर्तमानाचा आनंद’ या पत्रात ही रीत सोप्या शब्दांत मांडली आहे. आधी समोरच्याचे ऐकावे, त्याचे सुखदुःख जाणावे, आणि मग देवाच्या प्रेमाचा शब्द बोलावा. हे रस्त्यात, कामावर, कोठेही घडू शकते. आपल्याकडे तर संधीची वाणच नाही. राखेच्या बुधवारी कपाळावरची राख पाहून बाजारात भाजीवाली विचारते, “हे काय लावलंय?” आपण म्हणतो, “आमच्यात असते.” नाताळात गोठा पाहावयास सारी वाडी लोटते, आणि देव गोठ्यात का जन्मला हे सांगावयास कोणी पुढे होत नाही, सारे दिव्यांच्या माळा सांभाळण्यात गर्क असतात. आमच्या धर्मग्रामातही बॅंडसाठी वर्गणी एका रविवारी जमते. शुभवर्तमानाच्या प्रती मात्र कपाटात धूळ खातात. बांधाच्या कज्ज्यांविषयी आणि गुत्त्याविषयी आम्ही येथे लिहीत नाही. शेजाऱ्याला ते आमच्याहून अधिक ठाऊक आहे, आणि आपले बोलणे तो त्याच्याशी ताडून पाहणार, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे.

सर्वांत अवघड शेजारी मात्र घरातलाच. आपली मुले पुण्याला, बंगळूरला, आखाती देशांत जातात. आई फोनवर विचारते, “मिस्साला गेलास का?” मुलगा “हो” म्हणतो, आणि दोघांनाही ते खरे नसल्याचे ठाऊक असते. असा एक तरुण सुट्टीत आला असता आमच्यापाशी मनमोकळेपणाने बोलला. आता आपला कशावरच विश्वास राहिला नाही, असे त्याने सांगितले. आम्ही वादात पडलो नाही. केवळ ऐकत होतो. उठता उठता तो म्हणाला, “फादर, बाबांना मी जन्मभर प्रार्थना म्हणताना ऐकले. पण त्यांना स्वतःला देवाविषयी काय वाटते, हे त्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नाही. ऐकायला आवडले असते.” त्याचे वडील हयात आहेत. हा लेख ते वाचतील, म्हणून आम्ही अधिक लिहीत नाही.

आबांची हकीकत सांगावयाची राहिली. त्यांचे ते शब्द आम्ही मृत गृहस्थांच्या थोरल्या मुलाच्या कानी घातले. तो काही बोलला नाही. नाताळात करंज्यांचे ताट घेऊन तो आबांच्या ओसरीवर गेला आणि, त्याची बायको सांगते, दिवेलागणीपर्यंत परतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात उभा. योहानाच्या शुभवर्तमानातील लाजरसाची गोष्ट त्याने आबांना वाचून दाखविली होती; चार दिवस कबरीत असलेला माणूस प्रभूच्या हाकेसरशी बाहेर आला, इथपर्यंत सर्व ठीक झाले होते. मग आबांनी त्याला विचारले होते, ते चार दिवस लाजरस होता कुठे?

“मी काय सांगू, फादर?” तो म्हणाला. आम्ही त्याला आत बोलावले, चहा ठेवावयास सांगितला, आणि कबूल केले की ते शुभवर्तमानात लिहिलेले नाही, व आम्हांसही ठाऊक नाही. तो हसला. “मग तसेच सांगतो,” म्हणाला, आणि चहा घेऊन वाडीच्या वाटेला लागला.