शब्दविवेक : रफू कीं ठिगळ ?

बुधवार पेठेंतील एका भगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. त्या घरीं शिवणकाम करून संसारास हातभार लावतात. एका परप्रांतीय गृहस्थांनीं कोपरापाशीं विरलेला लोकरी कोट त्यांजकडे पाठविला आणि चिठ्ठींत ‘मेंड’ एवढेंच इंग्रजी क्रियापद लिहिलें. बाईंनीं सुबक ठिगळ लाविलें. गृहस्थांस रफू हवें होतें. मजुरी बुडाली. ‘चूक माझी कीं त्यांची ?’ असें बाई विचारतात.

आमच्या मतें चूक चिठ्ठीची. लॅटिनमध्यें ‘मेंडा’ म्हणजे दोष. फाटकें-उसवलें कोणत्याहि रीतीनें निर्दोष करणें तें ‘मेंड’. १९४३ सालीं युद्धामुळें कापडाची टंचाई असतां ब्रिटिश सरकारनें गृहिणींकरितां ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली. तींत ठिगळ आणि रफू दोहोंस जागा होती. भोंकावर सुईनें उभे-आडवे धागे विणणें हें ‘डार्न’, वरून दुसरा तुकडा लावणें हें ‘पॅच’. मोजा डार्न करावा, विजारीच्या गुडघ्यास पॅच लावावा. कोटाच्या कोपरास तर चामड्याचा पॅच लावण्याची इंग्रजांत रीतच आहे. तेव्हां बाईंनीं कांहीं भलतें केलें नाहीं. ‘रिपेअर’ घड्याळास, छपरास, रस्त्यास अधिक शोभतें. उसवलेली शिवण किंवा गुंडी यांस ‘सो’ पुरे. (एस्, ई, डब्ल्यू लिहून ‘सो’ म्हणावयाचें, हें शिकवितांना आमचीं कित्येक वर्षें गेलीं. मुलें ‘स्यू’च म्हणत, आणि मनांतून आम्ही त्यांच्याच बाजूचे होतों.)

मराठीस ही अडचण नाहीं. ‘रफू’ फारशींतून आला खरा; पण ‘तुणणें’ हें जुनें क्रियापद आपलें घरचें, आणि त्याचें नातें अमरकोशांतील शिंपीवाचक ‘तुन्नवाय’ या शब्दाशीं आहे. त्या गृहस्थांच्या मनांत होतें तें हेंच. इंग्रजींत त्यास ‘इन्व्हिजिबल मेंडिंग’ म्हणतात.

आतां बाईंनीं ठिगळ उसवावें. तुळशीबागेंत लोकर मिळेल, पण रंग जुळणें कठीण; कोटाच्याच आंतल्या शिवणींतून धागे काढून रफू करावें आणि त्याची मजुरी पुरी मागावी. पुन्हां अशी चिठ्ठी आलीच, तर कात्री हातीं धरण्यापूर्वीं तिच्या पाठीवर ‘डार्न ऑर पॅच ?’ हे तीन शब्द लिहून ती परत पाठवावी.