सरसकट विषाच्या विरोधात

परभणी जिल्ह्यात ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला, हरभऱ्याला घाटे धरले, की कृषी सेवा केंद्रात उंदराच्या औषधाची मागणी वाढते. मागणाऱ्याचा राग रास्त आहे. रातोरात ताटं आडवी होतात, उसाच्या कांड्या बुडाशी कुरतडल्या जातात, आणि जे खाल्लं जात नाही तेही ओढून बिळात साठवलं जातं. या नुकसानीची भरपाई कुणी देत नाही.

पूर्वपक्ष असा: उंदीर तो उंदीर, त्याच्या जातीपातीच्या चौकशा करायला शेतकऱ्याला वेळ कुठे आहे? दिसेल त्या बिळात विष टाकावं, बांध पेटवून द्यावा आणि मोकळं व्हावं. युरोपातले लोक त्यांच्या रानउंदरांना लाकडी घरटी बांधून देतात, तो पोटभरलेल्यांचा छंद आहे. काळ्या मातीत तो परवडत नाही.

यातला पहिला मुद्दा टिकत नाही. परभणीच्या भारी जमिनीला उन्हाळ्यात हात घालावा इतक्या भेगा पडतात. मऊ केसांचा एक शेतउंदीर, शास्त्रीय नाव मिलार्डिया मेल्टाडा, या भेगांतच आसरा घेतो. बांधावर आणि पडीक रानात जर्बिल राहतो. त्याचे डोळे टपोरे, शेपटी लांब, टोकाला काळा झुपका, आणि चाहूल लागली की तो उड्या मारत पळतो. मुरमाड माळावर राहणारा मूस प्लॅटिथ्रिक्स हा छोटा उंदीर बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचतो. उसाच्या ओल्या रानात मात्र घुशीच्या कुळातला दांडगा उंदीर असतो. बिळातून उकरलेल्या मातीचा ढीग बाहेर टाकून तो तोंड बुजवून घेतो. आणि वँडेल्युरिया नावाचा, जेमतेम दहा-पंधरा ग्रॅमचा लांब शेपटीचा उंदीर तर झाडाझुडपांवर, बांबूच्या बेटात गवताचं घरटं करतो. भारतात कृंतकांच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, सुमारे शंभर जाती आहेत. त्यांतल्या पिकाचं मोठं नुकसान करणाऱ्या थोड्याच. तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सगळ्या उंदरांना एका शब्दात उपद्रवी ठरवलं होतं, त्याच यादीत परागीभवन करणारी फळखाऊ वटवाघळंही होती. 2022 च्या दुरुस्तीनं ती यादी काढून टाकली. लोकांच्या मनातली यादी अजून तशीच आहे.

जात ओळखायची ती मुख्यतः विणीसाठी. घुशीच्या कुळातली मादी बावीस-तेवीस दिवसांत विते, एका वेळी सहा-आठ पिलं होतात, आणि विल्यावर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. पिलं तीनेक महिन्यांत वयात येतात. कोरडवाहू रानात या वाढीला निसर्गाचा लगाम असतो: पावसानंतर पीक पिकू लागलं की वीण चढते, उन्हाळ्यात खायला उरत नाही म्हणून ती उतरते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं आणि येलदरी धरणाच्या पाण्यानं हा लगाम बराच ढिला केला. सोयाबीन निघालं की हरभरा, त्यालगत तूर, पलीकडे वर्षभर उभा ऊस, म्हणजे उंदराला पुरत्या उपासाचा महिना राहिला नाही. पाणी यायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाण्यानं उंदराचं वेळापत्रक बदललं, आणि माणसाचं विष टाकण्याचं वेळापत्रक मात्र बदललं नाही. ते अजून नुकसान डोळ्यांना दिसल्यावरच सुरू होतं, म्हणजे वीण शिगेला पोचलेली असताना.

आता विषाचं बघू. झिंक फॉस्फाईडचं आमिष थोडं चाखून जो उंदीर वाचतो, तो पुढे त्याला तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष द्यावं लागतं, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. ब्रोमाडिओलोन सावकाश मारतं, त्यामुळे उंदराला संशय येत नाही. पण विष अंगात घेऊन तो काही दिवस फिरत राहतो आणि गव्हाणी घुबडाच्या तोंडी लागतो. ज्या घुबडानं फुकट राखण केली असती तेच मरतं. एकट्याच्याच शेतात विष टाकलं, तर रिकामी बिळं शेजारच्या रानातले उंदीर लवकरच भरून काढतात.

आरोग्याच्या नावानं केली जाणारी घाईही धोक्याची आहे. मुंबईतल्या 1896 च्या प्लेगनंतर नेमलेल्या आयोगानं दाखवून दिलं, की उंदीर मेला म्हणजे त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून प्लेगचा संशय असेल तिथे आधी पिसवा मारायच्या असतात, मग उंदीर. 1994 साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची बातमी आली, तेव्हा हा धडा परभणीच्या दाराशीच होता.

आणि युरोपाचा तो छंद? हेझलच्या झाडीत राहणारा डॉरमाऊस हा तिथला रानउंदीर ऑक्टोबरच्या सुमारास पालापाचोळ्याखाली झोपी जातो आणि एप्रिलच्या आसपास उठतो. वर्षाला एक, फार तर दोन विणी, दर विणीला चारेक पिलं. त्याचा मोठा भाऊबंद, खाद्य डॉरमाऊस, याहून विलक्षण: बीच वृक्षांना फळ धरलं नाही त्या वर्षी तो बहुतेक वीतच नाही. हे कळलं ते वर्षानुवर्षं घरटी तपासून, पिलं मोजून. त्याच मोजणीमुळे ब्रिटनला हेही समजलं, की 2000 पासून तिथल्या डॉरमाऊसची संख्या सुमारे 70 टक्क्यांनी घटली. परभणीला त्यांची माया उसनी घ्यायची गरज नाही. मोजण्याची शिस्त मात्र घ्यायलाच हवी, कारण प्राणी वाचवायचा असो की आवरायचा, त्याची वीण केव्हा आणि कशावर अवलंबून आहे हे माहीत नसेल तर दोन्ही कामं आंधळी होतात.

मोजायला यंत्र लागत नाही. संध्याकाळी शिवारातली सगळी बिळं चिखलानं लिंपायची आणि सकाळी उघडलेली मोजायची. तीच चालू बिळं, आमिष फक्त तिथेच. मे-जूनमध्ये, पेरणीआधी, उंदीर सर्वांत कमी आणि भुकेले असताना हे अख्ख्या गावानं एकाच आठवड्यात करावं. बांध पेटवू नये, त्यात साप आणि मुंगूसही होरपळतात. इस्रायलमध्ये 1980 च्या दशकापासून शेतकरी गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावतात. इथे घुबडाला अशुभ मानून हुसकावतात, ते आधी थांबलं पाहिजे. एकटं घुबड पुरणार नाही हे खरं, पण विणीआधी उंदरांची संख्या उतरवलेली असेल तर त्याची शिकार जाणवेल एवढी नक्की ठरते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीतच आहे, 1972 पासून. ज्वारी-कापसाच्या वाणांइतकंच मोलाचं एक काम त्याच्या हातून गावोगावच्या तरुणांना मिळावं: कोणत्या रानात कोणता उंदीर, कोणत्या महिन्यात किती चालू बिळं, याची तालुकावार नोंद. ती येत्या मे महिन्यापासून सुरू करता येईल, आणि विषाच्या पुडीवरचा खर्च ठरवण्याआधी ती ग्रामसभेत वाचली जावी.