पाकाची तार



रव्याच्या लाडवांचा पाक चुलीवर चढला की आई तिथून हलत नसे. साखर विरघळायची, बुडबुडे यायचे, पण बराच वेळ पातेल्यात नुसतं गोड पाणीच. ती अधूनमधून एक थेंब चिमटीत धरून बोटं अलगद विलग करायची. एक तार दिसली की पातेलं खाली. जरा दुर्लक्ष झालं की पाक पुढे जायचा आणि लाडू दगडासारखे व्हायचे.

यंदाच्या अंकाचा विषय हाच आहे: बराच काळ काहीच बदललेलं दिसत नाही आणि मग एकाएकी सगळं पालटतं, तो कडेलोट.

नेदरलँड्समधलं व्हेल्युवे सरोवर उथळ आणि नितळ होतं. सांडपाण्यातला फॉस्फरस त्यात मिसळत राहिला, तरी पाणी स्वच्छ दिसत राहिलं, कारण तळाच्या वनस्पतींनी गाळ धरून ठेवला होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस शेवाळ इतकं माजलं की तळाशी उजेड पोचेना. वनस्पती गेल्या, गाळ सुटला, पाणी गढूळ झालं. १९७९मध्ये फॉस्फरस कमी करूनही ते निवळलं नाही. पुढे १९९०च्या दशकात तळ ढवळणारे ब्रीम मासे मोठ्या प्रमाणावर काढले, तेव्हा कुठे ते पुन्हा नितळ झालं. बिघडण्याच्या वाटेपेक्षा परतीची वाट लांब आणि वेगळी होती.

अशा सरोवरांचा अभ्यास करणारे मार्टेन शेफर आणि त्यांचे सहकारी एक खूण सांगतात. कडा जवळ आला की धक्क्यातून सावरायला अधिकाधिक वेळ लागू लागतो. निसर्गातली पाकाची तार ती हीच. आपली विहीर, आपलं रान, आपलं गाव एका वाईट वर्षातून सावरायला पूर्वीपेक्षा जास्त दिवस घेतंय का, हे आपण विचारलं पाहिजे.

बदलाचा हा उंबरठा चांगल्या दिशेनेही ओलांडता येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं गाव. दुष्काळाने माणसं गाव सोडून चालली होती. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गाव कामाला लागलं. एका चराने किंवा एका बंधाऱ्याने विहीर भरत नाही. पण श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा नियम, उसाला नकार हे सगळं एकमेकांना धरून उभं राहिलं, तेव्हा पाणी जमिनीत टिकलं, गवत वाढलं, दूध वाढलं आणि गेलेली कुटुंबं परतली. मला त्याहून मोलाची वाटते ती गावाची एक सवय: ते दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मगच पिकं ठरवतं. भरभराटीतही ते तार तपासायचं सोडत नाही.

या अंकातले लेख वाचताना आपापल्या परिसरातल्या पातेल्याकडे एकदा बघा. आच कमी करायला अजून वेळ आहे, अशा ठिकाणी आज केलेलं थोडं काम उद्याच्या मोठ्या कष्टांपेक्षा अधिक मोलाचं आहे.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

– संपादक